अर्धवट राहिलेला कॅमेरा

सबमिशनच्या आदल्या रात्री शाडूच्या मूर्तीला तडा गेलाय. किंवा कॅनव्हासवरचा चेहरा तीन दिवस घासूनही कुणाचाच वाटत नाहीये. किंवा लाकडावर पटाशी जरा जोरात बसली आणि आठवड्याची मेहनत गेली. कलेच्या कुठल्याही कॉलेजात शिकत असाल, तर ही रात्र तुम्ही पाहिलेली असणार. मग आपण मोबाईल काढतो आणि 'इन्स्पिरेशन' शोधत बसतो. दोन वाजतात. मूर्ती तशीच तडकलेली असते.

तर अशा एखाद्या दिवशी मोबाईल खिशात टाका आणि खरी कॉर्नरला जा. तिथे कॅमेऱ्याचा एक स्तंभ उभा आहे. आपण रोज त्याच्या शेजारून गाडी काढतो, सिग्नलला बघतो आणि पुढे जातो. मीही वर्षानुवर्षं तेच केलं. ज्या माणसामुळे तो स्तंभ तिथे आहे, त्याचं आडनाव पेंटर नव्हतं, हे मला मास कॉमच्या दुसऱ्या वर्षाला कळलं. सांगायला लाज वाटते, पण खरं आहे.

बाबूराव कृष्णराव मेस्त्री. जन्म ३ जून १८९०, कोल्हापूर. मेस्त्री म्हणजे घरातच हत्यारं. वडील कृष्णराव हाताचे कसबी कारागीर. पोराला शाळा फारशी लाभली नाही आणि चित्रकलेच्या कॉलेजात तर ते कधी गेलेच नाहीत. तुमच्याकडे डिग्री नाही म्हणून कुणी नाक मुरडत असेल, तर एवढं लक्षात ठेवायला हरकत नाही. त्यांचं कॉलेज म्हणजे चुलतभाऊ आनंदराव. दोघं मिळून तैलचित्रं करायचे आणि नाटक कंपन्यांचे पडदे रंगवायचे. तो संगीत नाटकाचा सोन्याचा काळ. केशवराव भोसल्यांची 'ललितकलादर्श', बालगंधर्वांची 'गंधर्व नाटक मंडळी'. पडदा वर गेला की मागे राजवाडा, अरण्य, नदीचा घाट दिसायला हवा, आणि तोही सपाट कापडावर खोल वाटायला हवा. या दोघा भावांचे पडदे इतके गाजले की मेस्त्री मागे पडलं आणि लोक त्यांना 'पेंटर' म्हणू लागले. आडनाव कामानं बदललं!

इथपर्यंत गोष्ट सरळ आहे. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' आला. चित्रं हलतात, हे पाहून सगळा महाराष्ट्र थक्क झाला होता. पेंटर बंधूही झाले. पण थक्क होऊन घरी गेले नाहीत. हे आपल्याला करता येईल का, असा किडा दोघांच्या डोक्यात शिरला. कोल्हापूरच्या भाषेत सांगायचं तर नाद लागला.

अडचण साधी होती. कॅमेराच नव्हता. फाळके लंडनला जाऊन विल्यमसन कंपनीचा कॅमेरा घेऊन आले होते. या दोघांकडे तेवढा पैसा नव्हता. त्यांनी काय केलं, तर जुना प्रोजेक्टर मिळवला. चित्रपट दाखवायचं यंत्र. ते उघडून बघायचं आणि त्यावरून चित्रपट घ्यायचं यंत्र बनवायचं, असा बेत.

हा बेत खुळा वाटतो ना? जरा थांबा, तो अजिबात खुळा नव्हता. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सरळ सरकत नाही. ती एक क्षण थांबते, शटर उघडतं, चित्र दिसतं, शटर मिटतं, फिल्म चार छिद्रं पुढे उडी मारते आणि पुन्हा थांबते. मूकपटाच्या काळात हे सेकंदाला साधारण सोळा वेळा, तेही हातानं हँडल फिरवून. कॅमेऱ्यातही नेमकं हेच होतं. फरक एवढाच की प्रोजेक्टरमध्ये उजेड आतून बाहेर जातो आणि कॅमेऱ्यात बाहेरून आत येतो. म्हणजे एक यंत्र नीट समजलं, तर दुसऱ्याचं अर्धं कोडं सुटलं. पुस्तक नसताना ही गोष्ट ज्यांना यंत्र खोलून कळते, त्यांना आपण इंजिनीअर म्हणतो. त्या काळी मेस्त्री म्हणायचे.

उरलेलं अर्धं कोडं मात्र जीव खाणारं. प्रोजेक्टरच्या पेटीतून थोडा उजेड गळला तर बिघडत नाही. कॅमेऱ्याच्या पेटीला सुईएवढी फट राहिली तर फिल्म खराब. फिल्म ओढणारा पंजा केसभर मागेपुढे झाला तर पडद्यावर माणसं थरथरतात. भिंगाचं अंतर चुकलं तर सगळं धूसर. आणि यातलं काहीही काम करताना दिसत नाही! मूर्तीला तडा गेला की आपल्याला लगेच कळतं. इथे फिल्म चालवायची, अंधाऱ्या खोलीत धुवायची, वाळवायची, आणि मग कळणार की चुकलं. का चुकलं ते तरीही कळणार नाहीच. पुन्हा पेटी उघडायची.

आनंदरावांच्या हयातीत तो कॅमेरा पुरा झाला नाही. १९१६ साली ते गेले.

इथे जरा विचार करा. बाबूराव तेव्हा सव्वीस वर्षांचे होते. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठे. ज्याच्याकडून शिकले, ज्याच्यासोबत स्वप्न पाहिलं, तो भाऊ नाही. टेबलावर अर्धवट यंत्र. बाहेर पहिलं महायुद्ध चाललेलं, त्यामुळे परदेशी सामान मिळायची मारामार. पडद्यांचा धंदा हातात होताच. गुमान पडदे रंगवत बसले असते, तर कुणीही नावं ठेवली नसती.

त्यांनी कॅमेरा पुन्हा हातात घेतला. सोबत विष्णुपंत दामले होते. आनंदरावांच्या हाताखाली शिकायला आलेला हा शिष्य यंत्रात मोठा तरबेज. १९१८ साली कॅमेरा चालू झाला. आपल्या देशात बनलेला पहिला सिनेकॅमेरा म्हणून आज त्याची ओळख सांगतात. खरी कॉर्नरचा स्तंभ त्याच आठवणीचा.

त्याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. पैसा कुणी दिला माहितेय? तानीबाई कागलकर या गायिकेनं. कोल्हापूरच्या सिनेमाच्या पायात एका गाणाऱ्या बाईचे पैसे आहेत, हे आपण फारसं सांगत नाही. सांगायला पाहिजे.

पहिला चित्रपट 'सैरंध्री'. ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागला. फाळक्यांच्या तारामतीची भूमिका साळुंके नावाच्या पुरुषानं केली होती. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या स्त्रियांना कॅमेऱ्यापुढे उभं केलं. बाळासाहेब यादव भीम, झुंजारराव पवार कीचक. कीचकवध इतका खरा वाटला की प्रेक्षक हादरले आणि त्या प्रसंगाला सरकारी कात्री लागली. लोकमान्य टिळकांनी हा चित्रपट पाहिला आणि बाबूरावांना 'सिनेमा केसरी' म्हणून गौरवलं. घरी केलेल्या कॅमेऱ्याचा पहिलाच सिनेमा आणि ही पावती!

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. विचार करा, तुम्ही महाराष्ट्रातले नावाजलेले पडदे रंगवणारे आहात. आडनावसुद्धा त्यावरून पडलंय. मग तुमच्या सिनेमात मागे काय लावाल? रंगवलेला पडदाच की! पण कॅमेऱ्याला तो फसवता येत नाही. नाटकात प्रेक्षक लांब बसतो, दिवे ठरलेले असतात. सिनेमात उन्हात शूटिंग. पडद्यावर सावली डावीकडे रंगवलेली आणि खऱ्या माणसाची पडणार उजवीकडे. वारा आला की राजवाडा हलणार. त्यात तेव्हाच्या फिल्मला लाल रंग जवळपास दिसायचाच नाही. लाल शालू काळाठिक्कर यायचा आणि निळं आकाश पांढरंफटक. कित्येक वर्षं रंगांशी खेळलेल्या हाताला रंगांची नवी बाराखडी शिकायची होती, आणि ती सगळी काळ्यापांढऱ्यात.

बाबूरावांनी जे स्वतःला सगळ्यात छान जमत होतं तेच बाजूला ठेवलं. त्यांच्या चित्रपटांत रंगवलेल्या पडद्यांच्या जागी खोली असलेले, माणूस आत फिरू शकेल असे सेट आले. वेशभूषा, पात्रांच्या हालचाली, प्रसंग यांची रेखाटनं ते आधी काढत. ब्रश सोडला नाहीच, त्याची जागा बदलली. चित्रपटांची पोस्टर्स स्वतः रंगवली, माहितीपुस्तिका छापून वाटल्या. १९२३ च्या 'सिंहगड'साठी त्यांनी कृत्रिम प्रकाश वापरला. सूर्य मावळला की पॅकअप, हा नियम मोडला. १९२४ च्या 'कल्याण खजिना'ला लंडनजवळच्या वेंबली प्रदर्शनात पदक मिळालं.

माझ्या पहिल्या व्हिडिओ प्रॅक्टिकलला मी माईक चालू करायला विसरले होते. बारा मिनिटांची मुलाखत, आवाज शून्य. दोन दिवस मी कुणाशी बोलले नाही, आणि मग तीच मुलाखत परत घ्यायच्या ऐवजी विषयच बदलला. सोपं होतं ना! म्हणूनच बाबूरावांच्या 'सावकारी पाश'बद्दल वाचताना मी अडखळले.

१९२५ साली ही फिल्म आली. नारायण हरि आपट्यांची कथा. देव नाही, राजा नाही, लढाई नाही. सावकाराच्या कर्जात जमीन गमावणारा शेतकरी. शेतकऱ्याच्या पोराचं काम व्ही. शांताराम नावाच्या तरुणानं केलं होतं. जाणकारांनी कौतुक केलं. प्रेक्षक मात्र आले नाहीत, त्यांना पुराण आणि इतिहास हवा होता. कंपनीला पोट होतंच. पुढे १९२७ मध्ये 'सती सावित्री' आणि 'मुरलीवाला' आले. आपण असतो तर 'सावकारी पाश' हा चुकलेला प्रयोग म्हणून वहीत खोडला असता. बाबूरावांनी अकरा वर्षांनी, १९३६ साली, तीच गोष्ट पुन्हा घेतली. या वेळी बोलपट म्हणून, 'शालिनी सिनेटोन'साठी. न चाललेलं काम तोच माणूस पुन्हा करतो, हे आजही फारसं दिसत नाही.

त्यांचं सगळंच बरोबर होतं असं मात्र समजू नका. १९२९ साली दामले, फत्तेलाल, शांताराम आणि धायबर ही तयार केलेली माणसं कंपनी सोडून गेली. सीताराम कुलकर्णींना सोबत घेऊन त्यांनी कोल्हापुरातच 'प्रभात' सुरू केली. दामले आणि फत्तेलाल यांचा 'संत तुकाराम' पुढे व्हेनिसपर्यंत नावाजला गेला. गुरू म्हणून हा केवढा मोठा विजय, आणि मालक म्हणून केवढा मोठा धक्का! दोन्ही एकाच वर्षी, एकाच गावात. आणि बोलपट आले तेव्हा बाबूरावांना ते फारसे रुचले नाहीत. कष्टानं उभी केलेली दृश्यभाषा आवाजाच्या नादात मोडेल, असं त्यांना वाटायचं. काळ दुसऱ्या दिशेनं गेला. महाराष्ट्र फिल्म कंपनी बंद पडली. मला वाटतं, आवाजाबद्दल ते चुकले, पण भीती अगदीच खोटी नव्हती. सुरुवातीचे बोलपट पाहिलेत तर कॅमेरा कसा जागच्या जागी खिळलाय ते दिसेल.

त्यानंतर 'उषा', 'प्रतिभा' असे काही बोलपट त्यांनी केले. अगदी १९५२ मध्ये 'विश्वामित्र'. पण मधल्या सगळ्या वर्षांत आणि शेवटीही, ते चित्र आणि शिल्पाकडे परत जात राहिले. १६ जानेवारी १९५४ ला कोल्हापुरातच ते गेले. त्यांचे बहुतेक मूकपट आज पाहायला मिळत नाहीत. 'मुरलीवाला' आणि 'सती सावित्री'चे काही भाग तेवढे पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात जपलेले आहेत. ज्या 'सैरंध्री'नं सगळं सुरू झालं, तो तुम्हाला आणि मला कधीच दिसणार नाही.

दिसेल ते एक काम अगदी रस्त्यात आहे. खरी कॉर्नरवरून शिवाजी चौकात या. तिथला शिवरायांचा पुतळा मेस्त्रींच्या या मुलानं घडवलाय. चौकात गर्दी असते, हॉर्न वाजत असतात, थांबायला जागा मिळत नाही. गाडी थोडी लांब लावा आणि चालत या. स्केचबुक सोबत असू द्या.