शरणपूरचा जेकब वेनराइट

(द्वितीय वर्ष, कला)

नाशिकच्या शरणपूर रस्त्याने आपल्यापैकी बहुतेकांचे रोजचे जाणे-येणे असते. सी.बी.एस.वर एस.टी.तून उतरावे आणि दुकानांच्या, दवाखान्यांच्या, क्लासच्या पाट्या वाचत चालू लागावे. दीड वर्ष मी तसाच चालत होतो. शरणपूर म्हणजे शरण आलेल्यांचे गाव, ही साधी फोडसुद्धा कधी मनात आली नाही. मग एके दिवशी इतिहासाच्या तासाला सरांनी ओघात सांगितले, की डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन या जगप्रसिद्ध प्रवाशाचे पार्थिव आफ्रिकेच्या अंतर्भागातून समुद्रापर्यंत ज्यांनी वाहून आणले, त्यांत आपल्या शरणपूरला शिकलेली मुले होती. तास संपला, सर निघून गेले, पण ती मुले काही डोक्यातून जाईनात. त्यांपैकी एकाचे नाव १८७४ साली लंडनच्या वर्तमानपत्रांतून घरोघर पोचले होते. त्या जेकब वेनराइटची ही हकिकत.

जेकब हे त्याच्या आईबापांनी ठेवलेले नाव नव्हे. तो पूर्व आफ्रिकेतील याओ जमातीचा. न्यासा सरोवराच्या आसपास या लोकांची वस्ती. (या सरोवराला आता मलावी सरोवर असेही म्हणतात.) एकोणिसाव्या शतकात या मुलखात गुलामांच्या व्यापाराने कहर मांडला होता. गावे जाळायची, माणसे पकडायची, गळ्यात लाकडी जोखड अडकवून त्यांना किनाऱ्यापर्यंत चालवत न्यायचे आणि झांजिबारच्या बाजारात विकायचे. तेथून गलबते भरभरून माणसे अरबस्तानाकडे जात. ब्रिटिश आरमाराच्या गस्ती नौका अशी गलबते पकडत आणि आतल्या लोकांची सुटका करीत. पण सुटका झालेल्या मुलांना पाठवायचे कोठे? परत घरी धाडावे, तर घर उरलेले नाही, आणि वाटेत पुन्हा पकडले जाण्याची खात्री. म्हणून त्यांतली कित्येक मुले मुंबईला आणली गेली, आणि मुंबईहून नाशिकला.

नाशिकला चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस यांनी १८५४ च्या सुमारास शहराबाहेर ख्रिस्ती वसाहत उभारली होती. तेच शरणपूर. १८६० च्या सुमारास आफ्रिकेतून आलेल्या मुलांचे आश्रयस्थान तेथे सुरू झाले. लिहिणे-वाचणे, इंग्रजी, प्रार्थना, आणि त्याबरोबर लोहारकाम, सुतारकाम असे तेथले शिक्षण होते. एकीकडे रामकुंडावर देशभरचे यात्रेकरू स्नानाला येत आहेत, आणि तेथून थोड्याच अंतरावर न्यासाकाठची मुले ऐरणीवर घण घालीत आहेत, हे चित्र डोळ्यांपुढे आणून पाहा! पुढे हीच मुले आफ्रिकेत ‘बॉम्बे आफ्रिकन’ म्हणून ओळखली गेली. इंग्रजी ग्रंथांत त्यांना ‘नासिक बॉइज’ म्हटले आहे.

मिशनऱ्यांच्या कार्याविषयी आपल्याकडे पुष्कळ वाद झाले आहेत. ते येथे उकरून काढण्याची माझी इच्छा नाही. एवढे मात्र वाटते, की ज्या मुलाला नाव, भाषा आणि धर्म या तिन्ही गोष्टी नव्याने मिळाल्या, त्याला निवड करण्यास फारसा वाव नव्हता. स्वतः निवड करण्याची पाळी त्याच्यावर पुढे आली, आणि ती आली तेव्हा विचारायला जवळ ना प्राइससाहेब होते ना दुसरा कोणी साहेब.

लिव्हिंग्स्टन १८६५ मध्ये मुंबईस आले आणि आपल्या शेवटच्या सफरीसाठी त्यांनी नाशिकच्या शाळेतील नऊ तरुण बरोबर घेतले. मुंबईस डॉ. विल्सन यांच्या शाळेत ठेवलेला चुमा नावाचा याओ मुलगाही त्यांच्याबरोबर निघाला. नाशिकच्या या पहिल्या तुकडीचे फारसे बरे झाले नाही. कोणी वाटेत मेले, पुष्कळजण सोडून गेले. एडवर्ड गार्डनर तेवढा शेवटपर्यंत टिकला. जेकब या नऊ जणांत नव्हता. तो १८७२ मध्ये दाखल झाला. लिव्हिंग्स्टन यांचा कित्येक वर्षे पत्ता नव्हता. त्यांच्या शोधासाठी इंग्लंडहून एक तुकडी आली आणि तिने किनाऱ्यावरचे सहा ‘नासिक बॉइज’ नोकरीस ठेवले. जेकब व जॉन वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन, करास फरार, आणि रिचर्ड व बेंजामिन रटन हे ते सहाजण. इतक्यात स्टॅन्ली हा पत्रकार लिव्हिंग्स्टन यांना भेटून परतला. शोधाची तुकडी मोडली, पण ही सहा मुले इतर हमालांबरोबर आत पाठविण्यात आली. ऑगस्ट १८७२ मध्ये ती उन्यान्येम्बे येथे लिव्हिंग्स्टनजवळ पोचली.

त्यानंतरचे आठ महिने म्हणजे पाऊस आणि दलदल. बांग्वेउलू सरोवराच्या काठी कमरेइतक्या पाण्यातून वाट काढावी लागे. लिव्हिंग्स्टन यांना अतिसाराने पोखरले होते. शेवटी शेवटी डोलीत घालूनच त्यांना नेत असत. चिताम्बो नावाच्या प्रमुखाच्या गावात (हे ठिकाण आजच्या झांबिया देशात येते) १८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी एका पहाटे ते बिछान्यापाशी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत आढळले.

येथून पुढची हकिकत मी दोनदा वाचली, आणि दोन्ही वेळा तीच शंका आली: त्यांनी त्यांना तेथेच का पुरले नाही? मालक गेला. कराराचे बंधन उरले नाही. समुद्र हजार मैलांहून दूर. मृतदेह घेऊन चालणे त्या मुलखात अत्यंत अशुभ मानले जाई, गावे वाट अडवीत, दंड मागत. सामान वाटून घेऊन जो तो आपल्या वाटेने गेला असता, तर जाब विचारणारे कोणी नव्हते. पण सुसी व चुमा यांच्या पुढारीपणाखाली त्या सर्वांनी ठरविले, की डॉक्टरांना त्यांच्या माणसांपर्यंत पोचवायचे.

गावाबाहेर वरून उघडी अशी एक झोपडी त्यांनी उभारली. करास फरार पूर्वी एका डॉक्टरकडे कामाला होता, त्याने शरीर उघडून काळीज व आतडी काढली. ती पत्र्याच्या पेटीत घालून एका मोठ्या झाडाखाली पुरण्यात आली, आणि त्या वेळी प्रार्थनापुस्तकातील अंत्यविधीची प्रार्थना जेकबने वाचली. देहात मीठ भरून तो चौदा दिवस उन्हात सुकविला. मग कापड, झाडाची साल व शिडाचे कापड यांत गुंडाळून, वरून डांबर फासून, त्याचे एक ओझे बनविले. ते बांबूसारख्या दांड्याला बांधून दोघांनी खांद्यावर घ्यायचे.

या सगळ्यात जेकबचे काम होते लिहिण्याचे. मालकाच्या पेट्या उघडल्या तेव्हा पुढे कोणावर आळ येऊ नये म्हणून सर्वांसमक्ष एकेक वस्तूची यादी झाली, ती त्याने लिहिली. झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली, तीही त्यानेच. वाटेतली रोजनिशी तो ठेवीत होता. आणि उन्यान्येम्बे जवळ आले तेव्हा तेथे लिव्हिंग्स्टन यांचा मुलगा आला असावा अशा समजुतीने निधनाची वार्ता कळविणारे पत्रही त्यानेच लिहिले. अन्नासाठी कापड हवे, आम्ही उपाशी आहोत, हेही त्यात कळविले. (त्या मुलखात कापड हेच चलन होते.) ते पत्र घेऊन चुमा पुढे धावला.

येथे थोडे स्वतःविषयी सांगतो. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. वडील अंगठा उठवितात. वाडीतले अर्ज, सातबाऱ्याचे उतारे, पाव्हण्यांच्या लग्नपत्रिकांचा मजकूर, सारे माझ्याकडे येते. मागच्या वर्षी वाडीने श्रमदान करून ओढ्यावर वनराई बंधारा घातला. अर्ज मी लिहिला, अहवालही मीच लिहिला. गोण्या मात्र मी फार तर दहा-बारा भरल्या असतील. कार्यक्रमाच्या दिवशी पाहुण्यांनी नारळ माझ्या हातात दिला आणि फोटोतही मला पुढे उभे केले. ज्यांनी आठ दिवस गोण्या उचलल्या ते मागच्या रांगेत होते. कोणी तक्रार केली नाही. घरी आल्यावर आई एवढेच म्हणाली, की लिहिणारा पुढे दिसतोच. जेकबची पुढची हकिकत वाचताना मला तो नारळ आठवत राहिला.

उन्यान्येम्बे येथे ऑक्टोबर १८७३ मध्ये त्यांना लेफ्टनंट कॅमेरॉन भेटला. पुढची वाट धोक्याची आहे, मृतदेह येथेच पुरावा, असा सल्ला त्या गोऱ्या अधिकाऱ्याने दिला. या लोकांनी तो नम्रपणे नाकारला. खरेच धोका आला तेव्हा त्यांनी शक्कल लढविली. कासेकेरा गावाजवळ लोकांनी मृतदेह नेण्यास विरोध केला. तेव्हा देह परत नेऊन पुरतो असे सांगून त्यांनी धाटांची एक मोळी प्रेतासारखी गुंडाळून मागे पाठविली. खरा देह कापडाच्या गाठोड्यासारखा बांधून पुढे काढला. मोळी नेणाऱ्यांनी आत जंगलात तिची धाटे पांगवून टाकली आणि रातोरात परत येऊन ते आपल्या लोकांना मिळाले. साठ-सत्तर माणसांचा हा काफिला. त्यात स्त्रियाही होत्या, लिव्हिंग्स्टन यांचा स्वयंपाक करणारी हलिमा त्यांपैकीच. कोणी आजारी पडले, कोणी दगावले. फेब्रुवारी १८७४ मध्ये, नऊ महिने चालून, ते बागामोयो बंदरावर पोचले.

आणि तेथे काय झाले? पगार चुकता करून बहुतेकांना निरोप देण्यात आला! ज्यांनी ओझे वाहिले, त्यांनी बोटीवर चढायचे नव्हते. मिशनच्या खर्चाने जेकब तेवढा पार्थिवाबरोबर निघाला, कारण त्याला इंग्रजी येत होते. एप्रिल १८७४ मध्ये बोट साउदम्प्टनला लागली. तरुणपणी सिंहाने चावलेले डाव्या दंडाचे हाड पाहून डॉक्टरांनी ओळख पटविली. १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या बाजूंनी चालणाऱ्या आठ मानकऱ्यांत स्टॅन्ली होता, आणि शरणपूरचा जेकब वेनराइट होता. चुमा व सुसी यांना लिव्हिंग्स्टन यांच्या एका मित्राने स्वखर्चाने इंग्लंडला आणले खरे, पण ते पोचेपर्यंत सारे आटोपले होते.

पुढे पारडे फिरले. लिव्हिंग्स्टन यांची अखेरची रोजनिशी होरेस वॉलर यांनी संपादित केली, ती चुमा-सुसींच्या तोंडची हकिकत विचारून. जेकबच्या लेखी टिपणांना त्यांनी फारसे स्थान दिले नाही. सभांतून बोलणारा, साहेबी पोशाख करणारा जेकब काहींना शिष्ट वाटला. मला यात दोन्ही बाजूंनी अन्याय दिसतो. पुढारी सुसी व चुमा होते, यात शंका नाही, ॲबेत त्यांची जागा हुकायला नको होती. पण ती हुकली यात जेकबचा काय दोष? त्याने स्वतःला बोलावून घेतले नव्हते. शिवाय नाशिकच्या शाळेने ज्या मुलाला इंग्रजी बोलायला आणि इंग्रजी वागायला शिकविले, तो तसा वागला तर त्याला शिष्ट म्हणणे मला पटत नाही. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने या सर्व सोबत्यांसाठी पदके पाडली. ती आफ्रिकेत पोचेपर्यंत बहुतेकजण पांगले होते.

त्याच वर्षी जेकब परत निघाला, आणि तोही प्राइससाहेबांबरोबर. नाशिकला शरणपूर वसविणारे प्राइस आता मोंबासाजवळ तशीच वसाहत घालण्यास चालले होते. झांजिबारच्या सुलतानाने १८७३ च्या तहाने समुद्रावरील गुलामांचा व्यापार बंद केला होता आणि सुटलेल्यांना आता आफ्रिकेतच जागा हवी होती. १८७५ मध्ये ही वसाहत उभी राहिली. मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रियर यांच्या नावावरून तिला फ्रियरटाउन म्हणतात. आज तो मोंबासा शहराचा भाग आहे आणि तेथला घंटेचा मनोरा अजून उभा आहे. नाशिकची आफ्रिकन शाळा पुढे बंद झाली आणि तिचे विद्यार्थी तिकडे शिक्षक, लोहार, सुतार म्हणून गेले. त्यांपैकी विल्यम जोन्स व इश्माएल सेमलर हे दोघे तर १८८५ मध्ये धर्मोपदेशक झाले. जे इथे शरण आले होते, त्यांनी तिकडे दुसऱ्या शरणार्थींची सोय पाहिली.

जेकबनेही फ्रियरटाउनला शिकविले. पण तेथे तो फार काळ रमला नाही. पुन्हा तो आतल्या मुलखात गेला आणि १८९२ मध्ये उरांबो येथे वारला. त्याच्याबरोबर गेलेला मॅथ्यू वेलिंग्टन मात्र मोंबासा येथे १९३५ पर्यंत जगला. नाशिकचे शिक्षण घेतलेला त्या काफिल्यातील तो अखेरचा साक्षीदार.

चिताम्बोच्या गावातले ते झाड कालांतराने किडले. १८९९ मध्ये ते तोडावे लागले, तेव्हा कोरलेल्या अक्षरांचा भाग तेवढा कापून लंडनला रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीकडे नेला. त्याची छायाचित्रे पाहायला मिळतात. त्यावर लिव्हिंग्स्टन यांचे नाव आहे. खाली ४ मे १८७३ ही तारीख आहे, म्हणजे दिवसांच्या मोजणीत दोन-चार दिवसांची चूक आहे. आणि त्याखाली ओझी वाहणाऱ्या काफिल्यातील तीन माणसांची नावे आहेत: याझुझा, म्नियासेरे, व्चोपेरे. कोरणाऱ्याचे नाव त्यात नाही.