विश्लेषण : लुई पाश्चर यांना ससे का मारायचे होते?

घरी पाळलेला ससा सारखा शिंकतोय, पुढच्या पायांची आतली लव चिकट झालीय, अशी तक्रार घेऊन गेलात तर पशुवैद्यकांचा पहिला संशय बहुतेक वेळा ‘पाश्चुरेला मल्टोसिडा’ या जिवाणूवर जातो. ससा नाक पायांनी पुसतो, म्हणून लव चिकटते. जिवाणूच्या नावात लुई पाश्चर आहेत. एके काळी याच जिवाणूने लाखो ससे मारण्याचा त्यांचा बेत होता.

पाश्चर या जिवाणूपर्यंत कसे पोहोचले?

पाश्चर १८२२ मध्ये फ्रान्समधील दोल येथे जन्मले. वडील कातडी कमावत. पाश्चर स्वतः डॉक्टर नव्हते, रसायनशास्त्रज्ञ होते. दोन मुली विषमज्वराने गेल्या. १८६८ मध्ये पक्षाघाताने डावी बाजू अधू झाली. लशींवरचे त्यांचे गाजलेले काम त्यानंतरचे आहे, हे अनेकदा विसरले जाते.

१८७९-८० मध्ये ते कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जिवाणू चिकन सूपमध्ये वाढवत होते. जुने झालेले सूप टोचले तर कोंबड्या वाचतात आणि पुढे ताज्या जिवाणूलाही पुरून उरतात, हे दिसले. यातून लस निघाली. ससे मात्र या जिवाणूने झटपट मरत. १८८० च्या डिसेंबरात रेबीजने दगावलेल्या मुलाची लाळ त्यांनी सशांना टोचली. ससे मेले, पण रेबीजने नव्हे. त्यांच्या रक्तात सापडलेला जिवाणू म्हणजे आज न्यूमोनियासाठी ओळखला जाणारा न्यूमोकॉकस.

ऑस्ट्रेलियाचा संबंध काय?

तिथे सशांनी कुरणे फस्त केली होती. १८८७ मध्ये न्यू साउथ वेल्स सरकारने उपायासाठी २५ हजार पौंडांचे बक्षीस जाहीर केले. पाश्चर यांनी कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जिवाणू सुचवला आणि १८८८ मध्ये पत्नीचा भाचा आद्रियाँ ल्वार याला सिडनीला धाडले. रॉड बेटावर चाचण्या झाल्या. जिवाणू मिसळलेला चारा खाणारे ससे मेले, पण रोग पुढच्या सशांत हवा तसा पसरेना. शिवाय पक्ष्यांनाही धोका होता. परवानगी नाकारली गेली.

मग पाळीव सशांत तो कसा टिकतो?

तिथे तो नाकात राहतो. अनेक ससे लक्षणांविना तो बाळगतात. ताण, कोंदट पिंजरा, मूत्रातून सुटणारा अमोनिया यांमुळे तो उसळतो. नाकातला स्राव त्याला शेजारच्या सशापर्यंत नेतो.

ससा जवळजवळ पूर्णपणे नाकानेच श्वास घेतो, त्यामुळे नाक चोंदले की मोठीच अडचण. जिवाणू नाकाच्या अस्तराला चिकटतो. त्याच्याभोवतीच्या आवरणामुळे पांढऱ्या पेशींना तो सहज गिळता येत नाही. त्याच्या भिंतीतील विषारी घटकामुळे दाह पेटतो, पांढऱ्या पेशींची फौज येते आणि त्यांच्या विकरांनी सशाच्या स्वतःच्याच ऊती विरघळू लागतात. काही प्रकारांचे विष नाकातील गुंडाळीदार हाडे झिजवते. ही हाडे म्हणजे सशाचा एअर फिल्टर.

संसर्ग खाली उतरला की फुप्फुसाचे पुढचे-खालचे भाग घट्ट होतात, वायुकोशांत पू भरतो, गळवे होतात. सशाचा पू टूथपेस्टसारखा घट्ट असतो, गळवात औषध नीट पोहोचत नाही. आतल्या कानात शिरला तर मान वाकडी होते.

बक्षीस कुणालाच मिळाले नाही. रॉड बेटावरच्या प्रयोगशाळेत ल्वार यांनी पुढे मेंढ्यांसाठी अँथ्रॅक्सची लस बनवली. पाश्चर १८९५ मध्ये वारले.