उसनी श्रद्धा नाकारणारा कवी

मराठी ख्रिस्ती उपासनेत ज्यांची भजने आजही गायिली जातात, ते रेव्हरंड नारायण वामन टिळक आयुष्याच्या अखेरच्या पर्वात साताऱ्यात वास्तव्यास होते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची सेवा सोडली, वेतनावर पाणी सोडले आणि साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. पन्नाशी उलटलेल्या संसारी माणसाने हे धाडस का करावे, याचे उत्तर त्यांच्या जीवनप्रवासात सापडते.

रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे १८६१ मध्ये चित्पावन ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. नाशिकला त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. जातिभेदाने दुभंगलेल्या समाजाला एकत्र आणील असा धर्म कोणता, हा प्रश्न त्यांना तरुणपणापासून अस्वस्थ करीत होता. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका सहप्रवाशाने त्यांना ‘नवा करार’ भेट दिला. त्यातील डोंगरावरील प्रवचनाने ते भारावून गेले. दीर्घ मंथनानंतर १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला, तोही आग्रहाने भारतीय पाळकाच्या हातून.

या निर्णयाने संसार उद्ध्वस्त झाला. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या. पुढे अहमदनगरला एकत्र आल्यावरही त्यांनी सोवळेओवळे सोडले नव्हते. जातिभेद देवाने नव्हे, माणसाने निर्माण केला, हे स्वतःच्या विचाराने पटल्यावर त्यांनी तो टाकला आणि त्यानंतर, पतीच्या बाप्तिस्म्याला पाच वर्षे उलटल्यावर, ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पतीच्या पाठोपाठ सक्तीने गेलेली पत्नी, असे त्यांच्याविषयी कुणालाही म्हणता आले नाही. त्यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र याची साक्ष देते.

टिळकांना खटकत होते ते नेमके हेच. मिशनच्या छायेत वाढलेल्या अनेकांची श्रद्धा जन्माने, नोकरीने किंवा पाश्चात्त्य रीतिरिवाजांनी मिळालेली होती. ख्रिस्त या मातीतला वाटावा म्हणून त्यांनी अभंग, ओवी व कीर्तनाचा मार्ग धरला. ज्ञानेश्वर-तुकारामांचे ऋण त्यांनी कधी नाकारले नाही. साताऱ्याच्या दरबारात तर बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघेही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र यावेत, अशी त्यांची कल्पना होती. चर्चच्या नोंदवहीतील नावापेक्षा अंतःकरणातील निष्ठेला त्यांनी अधिक मोल दिले. साहजिकच अनेक धर्मबांधवांना हे रुचले नाही.

प्रयोग रुजण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले. अपूर्ण राहिलेले ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य लक्ष्मीबाईंनी पुढे नेले. दरबार मात्र टिकला नाही. तरीही, वारशाने मिळालेला धर्म आपला केव्हा होतो, हा टिळकांनी साताऱ्यात उभा केलेला प्रश्न कोणत्याही धर्मात जन्मलेल्या माणसाला आजही टाळता येणार नाही.