क्लोरीनला वेसण घालणारा डॉक्टर

पावसाळा सरता सरता कोल्हापुरात अंगणातली फरशी, गच्ची आणि जिन्याच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या होतात. मग ब्लीचचा कॅन घरात येतो. महापुराचे पाणी ओसरल्यावर गल्लोगल्ली ब्लीचिंग पावडर मारतात, तीही त्याच कुळातली. या द्रव्याचा पाया घालणारे क्लॉड लुई बर्थोले मुळात डॉक्टर होते.

त्यांचा जन्म ९ डिसेंबर १७४८ रोजी आल्प्सच्या कुशीतल्या तालोआर गावी झाला. तुरीनला वैद्यकाची पदवी घेऊन १७७२ मध्ये ते पॅरिसला आले. ऑर्लियाँच्या ड्यूकच्या घराण्यात वैद्य म्हणून काम मिळाले, पण मन रमले रसायनशास्त्रात. १७८४ मध्ये सरकारी रंगकामाची देखरेख त्यांच्याकडे आली. त्या काळी कापड पांढरे करायचे तर ते क्षाराच्या पाण्यात उकळून, आंबट दुधात भिजवून कुरणावर उन्हात महिनोन् महिने पसरावे लागे.

स्वीडनच्या शेले यांनी १७७४ मध्ये क्लोरीन वायू शोधला होता. तो पाण्यात विरघळवला तर कापड झटपट पांढरे होते, हे बर्थोले यांनी १७८५ मध्ये दाखवले. अडचण एकच होती. पाण्यातून वायू सुटे आणि कामगारांचा श्वास कोंडे. तेव्हा त्यांनी तो पोटॅशच्या क्षारात शोषून घेतला आणि त्याला वेसण बसली. पॅरिसजवळच्या जावेल गावातल्या कारखान्यात असे द्रावण तयार होऊ लागले. बर्थोले यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. पुढे १७९९ मध्ये ग्लासगोच्या चार्ल्स टेनंट यांनी हाच वायू विरवलेल्या चुन्यात शोषवून ब्लीचिंग पावडरचे पेटंट घेतले.

क्लोरीनचा दुसरा चेहराही बर्थोले यांनी पाहिला. पोटॅशच्या कढत द्रावणात क्लोरीन सोडून त्यांनी पोटॅशियम क्लोरेट बनवले. १७८८ मध्ये एसोन येथे त्यापासून बारूद करून पाहताना स्फोट झाला. दोन जणांचा जीव गेला. तेथे आलेले बर्थोले आणि लाव्हॉझिए दांपत्य बचावले.

१७९८ मध्ये ते नेपोलियनसोबत इजिप्तला गेले. तिथल्या खाऱ्या तळ्यांच्या काठी मीठ आणि चुनखडी यांपासून सोडा तयार झालेला त्यांना दिसला. प्रयोगशाळेत नेमके उलटे घडते. रासायनिक क्रिया कोणत्या दिशेने जाईल हे पदार्थांच्या प्रमाणावर आणि परिस्थितीवरही ठरते, असा निष्कर्ष त्यांनी काढला. ६ नोव्हेंबर १८२२ रोजी आर्केय येथे त्यांचे निधन झाले.

ब्लीच वापरताना हाच निष्कर्ष जीव वाचवतो. क्षाराने धरून ठेवलेला क्लोरीन आम्ल मिळताच सुटतो. म्हणून ब्लीचमध्ये अ‍ॅसिड, टॉयलेट क्लीनर किंवा व्हिनेगर कधीही मिसळू नये. अमोनिया असलेल्या क्लीनरनेही विषारी वायू बनतो. आधी अ‍ॅसिड टाकलेली फरशी भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय तिच्यावर ब्लीच ओतू नये.

घरगुती ब्लीच साधारण ४ ते ५ टक्के असते. एक लिटर ब्लीच नऊ लिटर गार पाण्यात घातले तर शेवाळाला पुरते. बाजारातले सुटे द्रावण याहून बरेच तीव्र असू शकते, त्यामुळे लेबल वाचून पाणी वाढवावे. प्लॅस्टिकच्या बादलीत आधी पाणी घ्यावे, मग ब्लीच. रबरी हातमोजे, चष्मा आणि गमबूट घालावेत, वारा पाठीशी ठेवावा, मुलांना आणि जनावरांना लांब ठेवावे. झाडे आधी आणि नंतर साध्या पाण्याने भिजवावीत. दहा मिनिटांनी ब्रशने घासून फरशी धुवावी. हे पाणी विहिरीत जाऊ देऊ नये. उरलेले ब्लीच पाण्याच्या बाटलीत भरू नये.

डोळ्यात गेल्यास पंधरा मिनिटे वाहत्या पाण्याने धुवावे. वायू छातीत गेला तर लगेच मोकळ्या हवेत यावे. खोकला किंवा धाप राहिली तर थांबू नये, दवाखाना गाठावा. फुफ्फुसाला झालेली इजा काही वेळा काही तासांनी उघड होते.