संगणकाला वेळेचे भान देणारे डायक्स्ट्रा



आई पोळ्या लाटत असते, तेवढ्यात कुकरची शिट्टी होते, दाराची घंटा वाजते, दूध उतू जायला येते. आधी काय करायचे हे तिला क्षणात ठरवावे लागते. विमानातील किंवा अंतराळयानातील संगणकाचीही हीच गत असते. उत्तर नुसते बरोबर असून भागत नाही, ते वेळेवर यावे लागते. अशा संगणकांच्या ऑपरेटिंग सिस्टिमचा पाया घालणाऱ्यांत एड्सगर डायक्स्ट्रा यांचे नाव मानाने घेतले जाते.

त्यांचा जन्म ११ मे १९३० रोजी हॉलंडमधील रॉटरडॅम येथे झाला. वडील रसायनशास्त्रज्ञ, आई गणितज्ञ. लायडन येथे शिकत असतानाच १९५२ मध्ये ते ॲमस्टरडॅमच्या गणित केंद्रात प्रोग्रॅमर झाले. हा व्यवसाय इतका नवा होता, की १९५७ मध्ये विवाहनोंदणीत अधिकाऱ्यांनी तो मान्यच केला नाही. शेवटी 'सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ' अशी नोंद झाली.

त्याच सुमारास सहकाऱ्यांनी 'एक्स-१' या नव्या संगणकाची योजना मांडली. जोडलेल्या यंत्राने हाक मारताच संगणकाने हातातले काम थांबवून तिकडे पाहावे, अशी तीत सोय होती. डायक्स्ट्रा धास्तावले. हाक केव्हा येईल याचा नेम नाही; म्हणजे एकदा झालेली चूक पुन्हा तशीच घडवून तपासता येणार नाही. काही महिने त्यांनी होकार लांबवला. अखेर आव्हान स्वीकारले आणि केवळ चाचण्यांवर न विसंबता, तर्काने बरोबर ठरेल अशा रीतीने काम केले. याच विषयावर १९५९ मध्ये त्यांना डॉक्टरेट मिळाली.

एकाच साधनावर दोन कामांनी एकदम हात घातला तर? रेल्वेच्या सिग्नलवरून त्यांनी 'सेमाफोर' ही युक्ती काढली. एक गाडी बाहेर पडेपर्यंत दुसरीने थांबायचे! पुढे आइंडहोव्हन येथे त्यांनी थराथरांची ऑपरेटिंग सिस्टिम रचली व १९६८ मध्ये तिची माहिती प्रसिद्ध केली. खालचा थर वरच्यावर अवलंबून नसल्याने प्रत्येक थर वेगळा तपासता येई. गरजेपुरते भाग घेऊन सिस्टिम बेतण्याची वाट पुढच्या संशोधकांना यातूनही मिळाली.

१९९७ मध्ये मंगळावर उतरलेल्या 'पाथफाइंडर' यानाचा संगणक पुन्हापुन्हा बंद होऊन सुरू होऊ लागला. एक कमी महत्त्वाचे काम सेमाफोर धरून बसले होते, मधलेच काम पुढे घुसत होते आणि तातडीचे काम ताटकळत होते. यावरचा उपाय त्या सिस्टिममध्ये पर्याय म्हणून आधीच ठेवलेला होता. अभियंत्यांनी तो पृथ्वीवरून चालू केला आणि यान सुरळीत झाले.

१९७२ मध्ये डायक्स्ट्रा यांना ट्युरिंग पुरस्कार मिळाला. एवढा मोठा संगणकतज्ज्ञ, पण आपले लेखन मात्र फाउंटन पेनने सुवाच्य अक्षरात करी! ६ ऑगस्ट २००२ रोजी त्यांचे निधन झाले.

मित्रांनो, ज्या गोष्टीची भीती वाटली, तिचाच त्यांनी मुळापासून अभ्यास केला. गणिताच्या वहीत उत्तराबरोबर रीतही का लिहायची, हे त्यांच्या चरित्रावरून नक्की पटेल.