केशव देव मालवीय

केशव देव मालवीय (१९०४–१९८१) हे स्वातंत्र्यसैनिक, केंद्रीय मंत्री आणि भारताच्या सरकारी तेल उद्योगाचे प्रवर्तक होते. ते मूळचे संयुक्त प्रांतातील. मुंबईच्या किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवरील मुंबई हाय या तेलक्षेत्रामुळे महाराष्ट्राच्या औद्योगिक इतिहासातही त्यांना स्थान आहे.

त्यांनी कानपूर येथील हारकोर्ट बटलर संस्थेत तेल तंत्रज्ञानाचे शिक्षण घेतले होते. राजकारणी व्यक्तीच्या ठिकाणी असे शिक्षण तेव्हा विरळाच होते.

तेलाचा शोध

स्वातंत्र्यानंतरही देशातील तेलव्यवसायावर परदेशी कंपन्यांचे वर्चस्व होते, आणि आसामबाहेर शोध घेण्यास त्या फारशा उत्सुक नव्हत्या. मालवीयांना ही उदासीनता मान्य नव्हती. सोव्हिएत तज्ज्ञांचे साहाय्य घेऊन त्यांनी १९५६ मध्ये तेल व नैसर्गिक वायू आयोग उभा केला. १९५८ मध्ये खंभातला आणि १९६० मध्ये अंकलेश्वरला तेल लागले. मात्र सिराजुद्दीन या खाणमालकाशी असलेल्या आर्थिक संबंधांच्या आरोपांमुळे १९६३ मध्ये त्यांना मंत्रिपद सोडावे लागले.

मुंबई हाय

ते सत्तेबाहेर असताना आयोगाचे काम चालूच राहिले. सोव्हिएत जहाजाने केलेल्या भूकंपीय सर्वेक्षणात अरबी समुद्राच्या तळाखाली खडकांचा विस्तीर्ण उंचवटा आढळला होता. फेब्रुवारी १९७४ मध्ये, समुद्रतळावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या 'सागर सम्राट' या वेधनमंचाने तेथे तेल शोधले. या उंचवट्याच्या पायाशी दख्खनचा बेसाल्ट आणि त्याहून प्राचीन खडक आहेत. बेसाल्ट म्हणजे नाशिकची पांडवलेणी ज्यात कोरली तोच काळा पाषाण. तेल मात्र मुख्यतः त्यावरील मायोसीन काळातील सच्छिद्र चुनखडकात साठले असून, वरच्या अभेद्य शेल थरांनी ते अडवून धरले आहे.

१९७३ च्या अखेरीस जागतिक तेलदर भडकले होते. त्यामुळे हा शोध देशाला ऐन गरजेच्या वेळी लाभला. २१ मे १९७६ रोजी उत्पादन सुरू झाले, तेव्हा मालवीय पुन्हा मंत्रिमंडळात येऊन पेट्रोलियम खाते सांभाळत होते. पुढच्याच वर्षी काँग्रेसची सत्ता गेली आणि त्यांचे मंत्रिपदही संपले. १९८१ मध्ये त्यांचे निधन झाले.

क्षेत्राचे उत्पादन १९८९ मध्ये वर्षाला सुमारे २ कोटी टनांच्या शिखरावर पोहोचले. त्यानंतर भूगर्भातील दाब घटत गेला आणि तेलाबरोबर येणाऱ्या पाण्याचे प्रमाण वाढले. थरांत पाणी सोडून, नव्या विहिरी खोदून आणि २००० नंतर पुनर्विकासाच्या योजना राबवून ही घट रोखण्याचे प्रयत्न झाले.