धर्मयोद्धा अल्बुकर्क

पोप दुसरा अर्बन याने इ. स. १०९५ मध्ये फ्रान्समधील क्लेरमाँ येथे ख्रिस्ती सरदारांना जेरुसलेमच्या मुक्ततेसाठी शस्त्र धरण्याचे आवाहन केले. त्यातून उसळलेल्या धर्मयुद्धांची एक लाट चारशे वर्षांनी आपल्या पश्चिम किनाऱ्यावर येऊन आदळली, हे पुष्कळांच्या ध्यानी नसते. खुद्द लिस्बन शहर ११४७ मध्ये मुसलमानांकडून जिंकले गेले, तेही जेरुसलेमकडे निघालेल्या अशाच योद्ध्यांच्या साहाय्याने. त्या परंपरेत अफोन्सो द अल्बुकर्क १४५३ च्या सुमारास जन्मला. ऐन तारुण्याची अनेक वर्षे त्याने मोरोक्कोच्या रणांगणावर घालविली. इस्लामशी हाडवैर ही त्याच्या मनाची गाठ तेथेच पक्की बसली असावी.

१५०३ मध्ये तो प्रथम हिंदुस्थानात आला आणि १५०९ मध्ये पोर्तुगीजांचा येथील मुख्याधिकारी झाला. तिमोजा नामक हिंदू नौकाधिपतीच्या सल्ल्याने त्याने १५१० च्या आरंभी विजापूरकरांचे गोवे घेतले, परंतु मे महिन्यात आदिलशाही सैन्याने त्याला हुसकून लावले. भर पावसाळ्यात तो मांडवी नदीत गलबतांवर उपाशी अडकून पडला. २५ नोव्हेंबरला त्याने पुन्हा शहर सर केले आणि तेथील मुसलमानांची, बायकामुलांसह, सरसकट कत्तल करविली. हिंदूंना अभय देणारा आणि सतीची चाल बंद करणारा अधिकारी तो हाच!

पुढे मलाक्का पडले. एडन मात्र १५१३ मध्ये हाती लागले नाही. नाईल नदीचा प्रवाह वळवून इजिप्त उजाड करावा, मदिनेवर छापा घालून पैगंबरांचे अवशेष पळवावे आणि त्यांच्या मोबदल्यात जेरुसलेम मागावे, असले अचाट बेत तो करीत असे. अर्थात मिऱ्यांचा व्यापारही त्याच वाटेवर होता.

१५१४ मध्ये त्याचे वकील गुजरातच्या दुसऱ्या मुजफ्फरशहाकडे आले. आपल्या पावागडच्या पायथ्याचे चांपानेर ही या सुलतानाची राजधानी. दीव येथे किल्ला बांधण्याची परवानगी त्याने नाकारली आणि भेट म्हणून एक गेंडा दिला! तो पुढल्या वर्षी लिस्बनला पोहोचला. ड्यूरर या जर्मन चित्रकाराने प्रत्यक्ष न पाहताच काढलेले त्याचे चित्र जगप्रसिद्ध आहे.

१५१५ मध्ये होर्मुझहून परतताना अल्बुकर्कला कळले, की राजाने त्याच्या जागी त्याच्याच वैऱ्याला नेमले आहे. १६ डिसेंबरला, गोव्याच्या बंदराच्या तोंडाशी, जहाजावरच त्याने प्राण सोडला. पुढील अधिकाऱ्यांच्या जुलमाने गांजलेले लोक, हिंदू आणि मुसलमानही, त्याच्या थडग्यापाशी गाऱ्हाणे घालीत, असे सांगतात. सांगणारे पोर्तुगीजच, हे विसरू नये. १५६६ मध्ये त्याच्या अस्थी लिस्बनला नेण्यात आल्या.